ऑनलाइन जॉब इंटरव्ह्यूची तयारी कशी करायची? फ्रेशर्ससाठी संपूर्ण माहिती

इंटरव्ह्यूचा मेल आला की आधी आनंद होतो आणि पाच मिनिटांनी पोटात गोळा येतो. काय विचारतील? इंग्रजी जमेल का? घरी लॅपटॉप नाही, मोबाईलवरून चालेल का? आजच्या लेखात आपण याच प्रश्नांची उत्तरं पाहणार आहोत. उदाहरण म्हणून सॉफ्टवेअर कंपनीतल्या फ्रेशरचा ऑनलाइन इंटरव्ह्यू घेतलाय, कारण तो मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे. पहिल्या चार इंटरव्ह्यूंमध्ये मी स्वतः नापास झालो होतो, आणि आता आमच्या टीमसाठी फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घ्यायला बसतो. तुमचं क्षेत्र वेगळं असलं तरी यातल्या बऱ्याच गोष्टी तुम्हाला उपयोगी पडतील.

१. मेल खरा आहे का, ते आधी तपासा

अभ्यास नंतर, हे आधी. नोकरीच्या नावाखाली फसवणाऱ्यांना फ्रेशर सोपा सापडतो, कारण त्याला नोकरीची घाई असते.

- पैसे मागितले की तिथेच थांबा. रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग किट, "रिफंड मिळेल" असं सांगून मागितलेले पैसे, काहीही असो. नोकरी देणारी चांगली कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.
- मेल कुठून आला ते बघा. मोठ्या कंपनीचं नाव आणि पत्ता साधा जीमेलचा, असं असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन करिअर पेजवर ती जागा आहे का ते पाहा. मेलमधल्या लिंकवर क्लिक करू नका, वेबसाइट स्वतः शोधून उघडा.
- व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल इन्स्टॉल करू नका, "इंटरव्ह्यूचं अ‍ॅप आहे" असं म्हटलं तरी. झूम, गूगल मीट, टीम्स ही सगळी अ‍ॅप्स प्ले स्टोअरवर मिळतात.
- ओटीपी, यूपीआय पिन, बँकेचा पासवर्ड यांचा इंटरव्ह्यूशी काहीही संबंध नसतो.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

२. इंटरव्ह्यूचे टप्पे कोणते?

कंपनीप्रमाणे फरक पडतो, पण फ्रेशरसाठी साधारण असा क्रम असतो:

१) ऑनलाइन टेस्ट: गणित, लॉजिक, इंग्रजी आणि एक-दोन कोडिंगचे प्रश्न.
२) टेक्निकल राउंड: प्रोजेक्ट, मूलभूत विषय आणि थोडं कोडिंग.
३) एचआर राउंड: स्वतःबद्दल माहिती, ठिकाण, शिफ्ट, पगार, कागदपत्रं.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मोबाईलवरून बोलण्याचा राउंड देता येतो, पण ऑनलाइन टेस्ट आणि लाइव्ह कोडिंगला लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर लागतोच असं समजा. बरेच टेस्ट प्लॅटफॉर्म फुल स्क्रीन मागतात आणि दुसरा टॅब उघडला की त्याची नोंद करतात. घरी लॅपटॉप नसेल तर कॉलेजची लॅब, मित्राचा लॅपटॉप किंवा ओळखीचा सायबर कॅफे दोन दिवस आधीच ठरवून ठेवा.

३. रिझ्युमे: एक पान, एक पीडीएफ

फ्रेशरचा रिझ्युमे एका पानाचाच असावा. वरती नाव, फोन, मेल. मग शिक्षण, स्किल्स, प्रोजेक्ट. वडिलांचं नाव, धर्म, "आय हिअरबाय डिक्लेअर" वगैरेंची गरज नाही.

मोबाईलवर गूगल डॉक्समध्ये रिझ्युमे बनवून तो पीडीएफ म्हणून सेव्ह करता येतो. वर्ड फाइल पाठवली तर समोरच्याच्या मशीनवर मांडणी विस्कटू शकते, म्हणून पीडीएफच पाठवा. फाइलला स्वतःचं नाव द्या. "रिझ्युमे फायनल न्यू ३" अशा नावाच्या फाइल्स आमच्याकडे ढिगाने येतात.

मेल आयडीही बघा. अकरावीत काढलेला "किंगमेकर" किंवा "क्यूट" वाला आयडी असेल तर नावाचा नवीन आयडी काढा. गूगल मीटवर तुमच्या गूगल अकाउंटचं नाव आणि फोटो दिसतो. एकदा "भावी आमदार" नावाचा उमेदवार जॉइन झाला होता. पोरगा हुशार होता, पण पहिली दोन मिनिटं तो नुसती माफी मागत होता.

सगळ्यात महत्त्वाचा नियम: जे येत नाही ते रिझ्युमेवर लिहू नका. "मशीन लर्निंग" लिहिलं की त्यावर प्रश्न येणार हे गृहीत धरा.

४. प्रोजेक्टवर खरी परीक्षा असते

इथे माझीच गोष्ट सांगतो. फायनल इयरला आमचा चार जणांचा प्रोजेक्ट होता, ऑनलाइन लायब्ररी मॅनेजमेंट. बहुतेक कोड एकाच मित्राने लिहिला. मी लॉगिनचं पान, रिपोर्ट आणि पीपीटी केली. पहिल्याच इंटरव्ह्यूत सरांनी विचारलं, "पासवर्ड डेटाबेसमध्ये कसा ठेवलाय?" मी आत्मविश्वासाने म्हणालो, "व्हारचार कॉलममध्ये." ते म्हणाले, "म्हणजे जसा टाइप केला तसाच?" मी हो म्हणालो. "मग डेटाबेस कुणाच्या हाती लागला तर?" मला पुढे एक शब्द सुचेना.

पासवर्ड तसाच ठेवायचा नसतो. त्याचा हॅश ठेवायचा असतो. हॅश म्हणजे पासवर्डपासून गणिताने तयार केलेली अशी खूण, जिच्यावरून मूळ पासवर्ड परत काढणं व्यवहारात शक्य नसतं. लॉगिन करताना टाइप केलेल्या पासवर्डचा पुन्हा हॅश काढून दोन्ही जुळवतात. त्यासाठी बीक्रिप्टसारख्या तयार पद्धती आहेत. हे समजून घ्यायला मला नंतर एक संध्याकाळ पुरली. पण तीच संध्याकाळ मी इंटरव्ह्यूच्या आधी दिली नव्हती.

म्हणून प्रोजेक्टची तयारी अशी करा:

- प्रोजेक्ट कशासाठी आहे, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.
- तुम्ही स्वतः काय केलं ते वेगळं काढा. "आम्ही केलं" असं म्हणालात की पुढचा प्रश्न "तुम्ही काय केलं?" हाच असतो.
- डेटाबेसमधली टेबलं आणि त्यांचे संबंध कागदावर काढून बघा.
- ही भाषा किंवा हा डेटाबेस का निवडला, याचं खरं उत्तर तयार ठेवा. "कॉलेजमध्ये तेवढंच शिकवलं होतं" हेही चालतं, पण त्याच्या मर्यादा सांगता आल्या पाहिजेत.
- अडलेली एक गोष्ट आणि ती कशी सोडवली, हे लक्षात ठेवा.

आणि प्रोजेक्ट विकत आणला असेल तर? असं होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. मग निदान पंधरा दिवस द्या, तो कोड ओळ न् ओळ वाचा, त्यात स्वतः एखादं फीचर वाढवा. तेवढं तरी तुमचं असेल आणि त्याबद्दल खरं बोलता येईल.

५. टेक्निकल राउंडसाठी काय वाचायचं?

फ्रेशरला खूप खोल प्रश्न सहसा येत नाहीत, पण पाया पक्का आहे का ते बघतात. हे विषय चुकवू नका:

- ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग: चार संकल्पना नुसत्या पाठ करू नका, स्वतःचं उदाहरण द्या. एन्कॅप्सुलेशन म्हणजे काय? बँक खात्यातला बॅलन्स बाहेरून कुणीही थेट बदलू शकत नाही, जमा किंवा काढणे या फंक्शनमधूनच तो बदलतो. अ‍ॅब्स्ट्रॅक्शन? यूपीआयने पैसे पाठवताना आत बँका काय करतात ते तुम्हाला दिसत नाही, फक्त एक बटण दिसतं.
- डेटाबेस: प्रायमरी की, जॉइनचे प्रकार, ग्रुप बाय. "व्हेअर आणि हॅविंग यांत फरक काय?" हा आवडता प्रश्न. व्हेअर गट करण्याआधी ओळी गाळतं, हॅविंग गट झाल्यावर गट गाळतं.
- डेटा स्ट्रक्चर: अ‍ॅरे, लिंक्ड लिस्ट, स्टॅक, क्यू. स्टॅक म्हणजे ताटांची चळत, शेवटी ठेवलेलं ताट आधी उचलतो. क्यू म्हणजे एसटीच्या तिकिटाची रांग, आधी आला त्याचा नंबर आधी.
- नेटवर्क: ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की काय होतं? डीएनएसकडून आयपी अ‍ॅड्रेस मिळतो, सर्व्हरशी कनेक्शन होतं, रिक्वेस्ट जाते, उत्तर येतं, ब्राउझर पान दाखवतो. एवढं क्रमाने सांगता आलं तरी छाप पडते.

६. कोडिंगचा प्रश्न आला तर कसं बोलायचं?

समजा प्रश्न आला: दिलेल्या आकड्यांमधला दुसरा सगळ्यात मोठा आकडा शोधा. आकडे आहेत ४, ९, ९, ७.

बहुतेक जण लगेच कोड लिहायला घेतात. तुम्ही आधी विचारा: "एकच आकडा दोनदा आला तर तो एकदाच धरायचा का?" कारण उतरत्या क्रमाने लावलं तर ९, ९, ७, ४ होतं. जागेप्रमाणे दुसरा आकडा ९ आहे, पण वेगवेगळ्या आकड्यांत दुसरा मोठा ७ आहे. प्रश्नाचा अर्थच बदलतो!

मग सोपा मार्ग सांगा: आकडे क्रमाने लावू आणि दुसरा वेगळा आकडा घेऊ. त्यानंतर चांगला मार्ग: क्रम लावायची गरजच नाही, एका फेरीत काम होतं. "मोठा" आणि "दुसरा" अशी दोन व्हेरिएबल्स ठेवायची.

- ४ आला: मोठा ४, दुसरा अजून नाही.
- ९ आला, तो मोठ्यापेक्षा मोठा: आधीचा मोठा आता दुसरा झाला. मोठा ९, दुसरा ४.
- पुन्हा ९ आला: मोठ्याइतकाच आहे, सोडून द्या.
- ७ आला: ९ पेक्षा लहान, ४ पेक्षा मोठा. दुसरा ७.

उत्तर ७. शेवटी स्वतःहून सांगा, "एकच आकडा असेल किंवा सगळे सारखे असतील तर दुसरा मिळणार नाही, तेव्हा तसा मेसेज द्यावा लागेल." या एका वाक्याला फार किंमत असते. कोडमध्ये एखादा सेमीकोलन राहिला तर समजून घेता येतं, पण उमेदवार गप्प बसला तर त्याला काय येतंय हे आम्हाला कळत नाही. म्हणून विचार मोठ्याने करा.

७. मोबाईलवरून इंटरव्ह्यू: सेटिंग आणि जागा

- मोबाईल हातात धरू नका. पुस्तकांची चळत लावा, त्यावर मोबाईल आडवा ठेवा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला. खाली ठेवला तर समोरच्याला तुमच्यापेक्षा पंखाच जास्त दिसतो.
- खिडकी किंवा दिवा तुमच्या समोर असावा, मागे नको. मागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो.
- वायरचे इअरफोन वापरा. ब्लूटूथ असेल तर चार्ज बघा. बाहेरच्या स्पीकरवर आवाज घुमतो.
- एक तासाच्या कॉलला डेटा किती? व्हिडिओ १ एमबीपीएसने गेला तर तासाला ४५० एमबी लागतात. येणारा आणि जाणारा असा दोन्ही बाजूंचा धरला तर साधारण ९०० एमबी. रोजचा १.५ जीबीचा पॅक असेल तर सकाळपासून रील्स बघू नका.
- दोन सिम असतील तर दुसरं सिम सेटिंगमधून तात्पुरतं बंद करा. बऱ्याच फोनमध्ये दुसऱ्या सिमवर कॉल सुरू झाला की पहिल्या सिमचा डेटा थांबतो. डू नॉट डिस्टर्ब चालू ठेवा, म्हणजे नोटिफिकेशनचा आवाज येणार नाही.
- फोन आधीच पूर्ण चार्ज करा. चार्जिंगला लावून तासभर व्हिडिओ कॉल केला की फोन तापतो आणि अडखळतो.
- वीज गेली की वायफायचा राउटरही जातो. इंटरव्ह्यूच्या दिवशी तुमच्या भागात देखभालीसाठी वीज बंद राहणार आहे का ते आदल्या दिवशी बघा, आणि मोबाईल डेटा तयार ठेवा.

नेट गेलंच तर घाबरू नका. मेलमधला एचआरचा नंबर कागदावर लिहून ठेवा. लगेच फोन किंवा मेसेज करा: "नेट गेलंय, पाच मिनिटांत पुन्हा जॉइन होतो." नेट जाणं आम्हालाही माहीत आहे. काहीच न कळवता गायब होणं मात्र खटकतं.

८. इंग्रजीची भीती

मराठी किंवा सेमी माध्यमातून आलेल्या मुलामुलींचा हा सगळ्यात मोठा प्रश्न. माझाही होता. आपण मनात मराठीत लांब वाक्य बनवतो आणि ते इंग्रजीत उलटवायला जातो, तिथेच गाडी अडते. उपाय साधा आहे: छोटी वाक्यं. एका वाक्यात एकच गोष्ट.

मोबाईलचा रेकॉर्डर चालू करा आणि स्वतःची ओळख, प्रोजेक्ट आणि एक अडचण यांवर दोन-दोन मिनिटं बोला. मग ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवत नाही, पण रोज एकदा असं आठवडाभर करा. फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

प्रश्न कळला नाही तर "कुड यू प्लीज रिपीट दॅट?" म्हणा. सुचत नसेल तर "लेट मी थिंक फॉर अ मिनिट" म्हणा. उत्तर माहीतच नसेल तर तसं सांगा आणि जवळचं जे माहीत आहे ते जोडा. अंदाजाने ठोकून दिलेलं उत्तर दुसऱ्या प्रश्नात उघडं पडतं.

९. एआयची मदत घ्यावी का?

तयारी करताना जरूर घ्या. चॅटजीपीटी किंवा जेमिनीला सांगा, "मी फ्रेशर आहे, माझ्या प्रोजेक्टवर दहा प्रश्न विचार, एकेक करून, आणि उत्तरातल्या चुका सांग." फुकटात सराव होतो. फक्त त्याने सांगितलेलं पुस्तकाशी पडताळून बघा, कारण ते चुकीचंही आत्मविश्वासाने सांगतं.

इंटरव्ह्यू चालू असताना मात्र नको. प्रश्न विचारल्यावर चार सेकंद शांतता, डोळे डावीकडून उजवीकडे, आणि मग एकदम पुस्तकी इंग्रजी, हे समोरून स्पष्ट दिसतं. आम्ही मग फक्त "हे तुमच्या प्रोजेक्टमध्ये कुठे वापरलं?" एवढंच विचारतो.

१०. एचआर राउंड आणि पगाराचं गणित

"टेल मी अबाउट युवरसेल्फ" याचं उत्तर दीड मिनिटात: शिक्षण, प्रोजेक्ट, आवड आणि ही नोकरी का. अडचणीचा प्रसंग विचारला तर चार पायऱ्या धरा: प्रसंग काय होता, तुमचं काम काय होतं, तुम्ही काय केलं, शेवटी काय झालं.

पगाराबद्दल घरच्यांना सांगण्याआधी सीटीसी समजून घ्या. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण वर्षाचा खर्च, हातात येणारा पगार नाही. समजा सीटीसी ३,६०,००० आहे, म्हणजे महिन्याला ३०,००० आणि त्यात बेसिक १५,०००.

- कंपनीचा पीएफ, बेसिकच्या १२ टक्के: १,८००
- तुमचा पीएफ, १२ टक्के: १,८००
- ग्रॅच्युइटी, ४.८१ टक्के: साधारण ७२२
- महाराष्ट्रातला प्रोफेशनल टॅक्स: २०० (फेब्रुवारीत ३००, महिलांना महिना २५,००० पगारापर्यंत सूट)

हातात साधारण २५,४७८. सीटीसीमध्ये इन्शुरन्स किंवा व्हेरिएबल धरलं असेल तर आणखी कमी. म्हणून "दरमहा हातात किती येतील?" आणि "बॉण्ड आहे का, किती महिन्यांचा?" हे दोन प्रश्न नम्रपणे विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही. पुण्यात किंवा मुंबईत खोली, मेस आणि प्रवास याच पैशांतून भागवायचा असतो. आणि बॉण्डचा कागद घरी आणून, वाचून मगच सही करा.

११. आदल्या रात्रीची चेकलिस्ट

- लिंक उघडून बघितली, अ‍ॅप अपडेट केलं
- कॅमेरा, माइक, इअरफोन तपासले
- रिझ्युमेची प्रिंट, कोरा कागद, पेन, पाणी जवळ
- मार्कशीट आणि ओळखपत्र डिजीलॉकरमध्ये किंवा फाइलमध्ये तयार
- घरच्यांना वेळ सांगितली, टीव्ही आणि कुकरची शिट्टी त्या तासात नको
- दहा मिनिटं आधी जॉइन व्हायचं, आणि रात्री वेळेत झोपायचं

१२. नाही झालं तर?

इंटरव्ह्यू संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत विचारलेले सगळे प्रश्न वहीत लिहून काढा. न आलेल्या प्रश्नांची उत्तरं त्याच दिवशी शोधा. माझ्या चार नकारांची अशी एक वही झाली होती. पाचव्या इंटरव्ह्यूत विचारलेल्या प्रश्नांपैकी अर्धेअधिक त्या वहीतलेच निघाले, पासवर्डचा प्रश्नसुद्धा! या वेळी मी हॅश काय असतो ते समजावून सांगितलं, आणि प्रोजेक्टमध्ये आधी काय चुकलं होतं तेही सांगितलं. ते सर म्हणाले, "चूक कळली कशी?" मी खरं ते सांगितलं: "सर, याच प्रश्नावर एकदा नापास झालो होतो." ते हसले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. ती माझी पहिली नोकरी.

एक नकार आला म्हणजे तुम्ही त्या दिवशी त्या जागेसाठी निवडले गेला नाहीत, इतकंच. वही मात्र आजच सुरू करा. हा लेख तुमच्या कॉलेजच्या ग्रुपवर नक्की शेअर करा, कुणाचा तरी इंटरव्ह्यू याच आठवड्यात असेल. शुभेच्छा!